तीन दिवसांचा विसावा

नाना, काल तुमच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. तुमचा मुलगा पिंड ठेवून मागे सरतो न सरतो तोच. सगळे म्हणाले, नानांची काही इच्छा उरली नव्हती, समाधानानं गेला माणूस. मी जरा लांब, गाडीपाशी उभी होते. मनात म्हटलं, यांची उरली नसेल, माझी उरली आहे. दोन वर्षं आपण एकाच गोष्टीवरून भांडलो, आणि ते भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही खुशाल निघून गेलात. कावळ्याला काय जातंय लगेच शिवायला.

भांडण एवढंच होतं: एक दिवस की तीन दिवस.

धरणगावला तुमच्या दारावर बसायला आलेल्या पाहुण्यांपैकी एका मामांनी मला विचारलं, नाना तुमच्या कारखान्यात नेमकं काय करायचे? मी म्हटलं, बोर्ड वाळवायचे. लाकडाच्या तंतूंचे बोर्ड. मामांनी मान डोलावली आणि म्हणाले, "वाळवायला काय लागतं, ताई? आपल्या खान्देशात ऊन तर फुकट आहे." दुःखाची जागा होती म्हणून गप्प बसले. नाहीतर तिथेच त्यांना तासभर बसवून घेतलं असतं. पण खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. ऊन फुकट आहे, हेच धरून मीसुद्धा कारखाना काढला होता.

तुम्ही यायच्या आधीचं वर्ष आठवलं की मला अजून हसू येतं, आणि तेव्हा रोज रडू यायचं. आमच्या घरात तीन पिढ्या सरकीचा व्यापार. जळगावात आमच्या दुकानाबाहेर मारवाडीतच भाव ठरायचे. त्या घरातली मुलगी इंजिनिअर होऊन आली आणि म्हणाली, मी सुबाभळीचं लाकूड आणि शेतात वाया जाणाऱ्या कपाशीच्या पऱ्हाट्या यांचे बोर्ड करणार. नुसते पुठ्ठ्यासारखे नाहीत, दोन बोटं जाडीचे, पोटमाळ्याला घालता येतील, वर माणसं बसतील-उठतील असे. वडिलांनी जागा दिली आणि पिंप्राळ्यातल्या आमच्या सगळ्या नातेवाइकांनी सल्ले दिले.

लाकूड शिजवून दळणं जमलं. लगदा पाण्यात कालवून जाळीवर पसरणं जमलं, दाबून पाणी काढणंही जमलं. अडलं ते वाळवण्यात. आणि बोर्डाची सगळी ताकद तर तिथेच. ओले तंतू एकमेकांना नुसते चिकटलेले असतात, वाळता वाळता त्यांची पकड बसते. आम्ही ते बोर्ड मे महिन्यात अंगणात टाकले. दुपारपर्यंत वरून कडक. आठवड्यानंतर कापून पाहिले तर आत ओल, आणि कुबट वास. मग गरम हवेची खोली बांधली. मोठे पंखे लावून वरून हवा मारली. दिवस-रात्र भट्टी चालवूनही तेच, फक्त जळण जास्त. शेवटी तापलेल्या लोखंडी पाटांच्या दाबयंत्रात घालून पाहिलं. आतल्या पाण्याची वाफ झाली, तिला बाहेर पडायला वाट मिळेना. पाट उघडला की बोर्ड फाटकन मधोमध फुगून फुटायचा. कामगार दोन पावलं मागे सरूनच पाट उघडायला लागले होते.

अशा दिवसांत तुम्ही आलात, तेही बोर्डासाठी नाही. भट्टीच्या पंख्याचं बेअरिंग गेलं होतं. कुणीतरी सांगितलं, धरणगावला एक नाना आहेत, उभी हयात जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या गिरणीत, फिटर होते, पंख्याचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगतात. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, खिशात पाना. बेअरिंग बदलून झालं आणि जाता जाता तुम्ही फुटलेला एक बोर्ड उचललात. त्याच्या पोटात बोट घातलंत, बोट माझ्यापुढे धरलंत. ओलं होतं. म्हणालात, "वरथीन सुकनं म्हनीसन मझारबी सुकनं का, माय?" मझार म्हणजे आत.

मला राग आला होता, नाना. आज सांगायला हरकत नाही. बेअरिंगवाल्यानं मला शिकवावं, हे काही मला रुचलं नव्हतं. मी तुम्हाला पंख्यांचे आकडे सांगितले, तापमान सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि तीनच शब्द बोललात.

"फुकू नको, वढ."

आणि गेलात. मी दोन दिवस त्या तीन शब्दांवर चरफडत होते. तिसऱ्या दिवशी कळलं. जिनिंगमध्ये ट्रॉलीतला कापूस माणसं उचलून आत नेत नाहीत. मोठा पाइप लावतात आणि पंखा तो कापूस ओढून घेतो. हवा ओढली की ती कापसाच्या आतून जाते, नुसती वरून निसटत नाही. आम्ही वर्षभर बोर्डाच्या तोंडावर फुंकर मारत होतो. वरचा थर कडक करून आतल्या पाण्याची वाट आम्हीच बंद करत होतो. मी गाडी काढून धरणगावला आले. तुम्ही ओट्यावर बसून चहा पीत होतात. जणू माहीतच होतं, अशा थाटात आत आवाज दिलात, अजून एक कप टाका म्हणून.

भंगारातून जिनिंगचा जुना पंखा तुम्हीच हुडकून आणलात. पत्र्याची पेटी ठोकलीत, वर जाळी, जाळीवर ओला बोर्ड, पेटीखालून पंखा. वरून गरम हवा यायची आणि पंखा ती बोर्डाच्या आरपार खाली ओढायचा. पहिल्या दिवशी सगळा कारखाना जमला होता. माझे वडीलही दुकान सोडून आले होते. तुम्ही पंख्याची झडप उघडलीत, पूर्ण, जिनिंगमध्ये उघडायचात तशी. बोर्डाला मधोमध खड्डा पडला, लगदा जाळीतून सरळ पंख्यात गेला आणि पंख्याच्या दुसऱ्या तोंडातून तुमच्या अंगावर आला. टोपी, पायजमा, मिशा, सगळं लगद्यानं माखलं. कुणाला हसायचा धीर होईना. तुम्ही मिशीवरचा लगदा पुसलात आणि म्हणालात, कापूस समजलो. मग माझे वडील जे हसायला लागले, ते थांबेनात. सरकीवाल्या माणसाला कापसाची चूक लगेच कळते.

त्यानंतर महिनाभर तुम्ही झडपेला खुणा करत राहिलात. आधी अगदी बारीक उघडायची, बोर्डाला जीव आला की थोडी जास्त, वाफ दिसायला लागली की अजून. शेवटी गरम पाटांत हलकंसं दाबायचं, पण दोन्ही बाजूंनी जाळी ठेवून, म्हणजे उरलीसुरली वाफ निघून जाते. हाताला कोरडं लागतं यावर तुमचा विश्वास नव्हता. तुम्ही काटा आणलात. बोर्ड दर थोड्या वेळानं तोलायचा, वजन उतरायचं थांबलं की तो सुकला. जे दिवस-रात्र भट्टी चालवूनही होत नव्हतं, ते काम तीन तासांवर आलं. कापून पाहिलं, पोटात बोट घातलं, बोट कोरडं. त्या दिवशी तुम्ही मला पेढे आणायला लावलेत. म्हणे, यश तुझं, तोंड गोड तूच करायचं.

मला तुमचा अभिमान होता, नाना. आहे. मी ज्या कॉलेजात शिकले, तिथे मला आतून हवा ओढून वाळवणं शिकवलं होतं. पुस्तकात आकृती होती, परीक्षेत मी ती काढलीही होती. पण माझ्या अंगणात वर्षभर बोर्ड कुजत होते, तेव्हा ती आकृती मला एकदाही आठवली नाही. सातवी झालेल्या माणसानं बोटाला लागलेल्या ओलीवरून ती मला परत आणून दिली. धरणगावच्या बसस्टँडवर तुम्ही लोकांना सांगायचात म्हणे, आमना कारखानामा बोर्ड तीन घंटामा सुकी जास. आमना. तुमचा मुलगा हे मला दहाव्याच्या दिवशी सांगत होता आणि मला एकदम भरून आलं.

आता भांडणाकडे येते. टाळत होते, पण यावंच लागेल.

झटपट सुकवलेला बोर्ड अगदी ठणठणीत कोरडा होऊन बाहेर पडतो. बाहेरच्या हवेत थोडी ओल असतेच. ती तो हळूहळू पितो आणि तेवढा फुगतो. सगळीकडून सारखी प्यायला तर सपाट राहतो, नाहीतर कोपरे वर उचलतो. म्हणून तुमचं म्हणणं, बोर्ड एकावर एक रचा, मधे लाकडी पट्ट्या ठेवा, वर वजन ठेवा आणि तीन दिवस हात लावू नका. त्याला विसावा द्या. माझं म्हणणं, तीन तासांत सुकवलेला बोर्ड तीन दिवस पाडून ठेवायचा तर मग आपण मिळवलं काय? एक दिवस पुरे. तुम्ही म्हणायचात, "घाई कसानी शे, माय?" मी म्हणायचे, घाई गिऱ्हाइकाला आहे. शेडमधल्या काळ्या फळ्यावर तुम्ही रोजची वजनं लिहायचात. त्याच्या कोपऱ्यात तुम्ही "विसावा" असं लिहून पुढची जागा मोकळी सोडलीत आणि खडू माझ्या हातात दिलात. मी "१ दिवस" लिहिलं. तुम्ही ते कधीच पुसलं नाहीत. दुसऱ्यानं लिहिलेलं पुसायचं नाही, असा तुमचा एक नियम होता. मी तेव्हा ती जीत समजले.

धुळ्याची ऑर्डर आपली पहिली मोठी. एक आबा, निवृत्त शिक्षक, स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतात. खालचा हॉल भरलेला, म्हणून वर लोखंडी सांगाडा उभा करून त्यावर आपल्या बोर्डांचा माळा घालायचा होता. चाळीस मुलं पुस्तकं घेऊन त्यावर बसणार. आपला बोर्ड माणसं पेलतो की नाही, हे तिथेच ठरणार होतं. आबा म्हणाले होते, हा माळा टिकला तर गावातल्या सगळ्या अभ्यासिका तुमच्याकडे येतील. नाही टिकला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

पहिला माल आपण एका दिवसाच्या विसाव्यावर पाठवला. पावसाळा नुकताच उलटलेला, हवेत ओल. आठवड्यात आबांचा फोन आला, बोर्डांचे कोपरे उठलेत, मुलांच्या पायाला ठेच लागतेय. आपण दोघं गाडीनं धुळ्याला गेलो. पूर्ण रस्ता मी वाट पाहत होते, आता बोलाल, मग बोलाल. तुम्ही खिडकीतून कपाशी बघत राहिलात. वर माळ्यावर उभं राहून आबांनी विचारलं, असं कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात.

"आबा, चूक मनी शे. पंखा मनाच हातमा राहस."

आणि मी गप्प बसले, नाना. हे मला लिहायला फार जड जातंय. मी तिथे उभी होते, कारखाना माझा, एक दिवसाचा आकडा माझ्या अक्षरात फळ्यावर, आणि मी तुम्हाला माझी चूक अंगावर घेऊ दिली. मनाशी सबब तयार होती, मालकिणीची चूक निघाली तर गिऱ्हाईक जाईल, फिटरची निघाली तर सांभाळून घेतील. आबांनी सांभाळूनच घेतलं. बोर्ड बदलून द्या म्हणाले.

परतीला एरंडोलला चहाला थांबलो. तुम्ही बशीत चहा ओतलात, फुंकर घातलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "एकदा म्हन ना माय, नाना तुमनं बरोबर व्हतं." चिडून नाही, हसत. मी म्हटलं, चहा गार होतोय. तुम्ही चहा प्यायलात. पुन्हा तो विषय काढला नाहीत.

नवा माल करताना तरी मी शहाणी व्हावी की नाही? पण पूर्ण ऑर्डर पुन्हा करायची होती, आबांना शनिवारचा शब्द दिला होता. मी म्हटलं, या वेळी झडप जरा कमी ठेवू, सुकायला चार तास घेऊ, विसावा एकच दिवस. तुम्ही वाद घातला नाहीत. बरं, म्हणालात. मला वाटलं, म्हातारा थकला. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा बोर्ड उतरला. तुम्ही स्वतः पट्ट्या सरळ करून सगळी थप्पी रचलीत, वर वजन ठेवलंत, आणि धरणगावची गाडी धरायला गेलात.

शनिवारी सकाळी तुमच्या मुलाचा फोन आला. आंघोळ करून ओट्यावर बसले आणि गेले, एवढंच तो बोलू शकला. आम्ही कारखान्याला कुलूप लावलं आणि सगळेच्या सगळे धरणगावला आलो. तो दिवस कसा गेला ते तुम्हाला मी काय सांगू. रविवार गेला, सोमवार गेला. कामावर यायला कुणाचं मन होईना आणि बोलवायला माझं. तुमच्या मुलाच्या त्या फोननंतर मी माझा फोन बंदच ठेवला होता. धुळ्याच्या मालाची आठवण मला सोमवारी संध्याकाळी झाली. शब्द पुन्हा मोडला होता. आबांना फोन करायची हिंमत झाली नाही. फोन सुरू केला तरी त्यांचाही आला नाही, याचं मात्र नवल वाटलं.

मंगळवारी सकाळी थप्पी उघडली. मी पट्टी घेऊन एकेक बोर्ड तपासला. लांबीत लावली, रुंदीत लावली, कोनातून लावली. पट्टीखालून कागद सरकत नव्हता. एकाही बोर्डाचा कोपरा उठलेला नव्हता. तीन दिवस कुणी हात लावला नव्हता, कारण हात लावणारी माणसं तुमच्या दारात बसली होती. तुम्ही मागत होतात तेवढाच विसावा, नाना. दोन वर्षं मागून मी दिला नाही, आणि शेवटी तो असा मिळाला. त्या थप्पीपाशी मी जमिनीवर बसून रडले. कामगारांनी बघितलं तर बघितलं.

तोच माल घेऊन मी धुळ्याला गेले. संध्याकाळपर्यंत माळा घालून झाला. आबा जिन्यानं वर आले, चपला खाली काढून. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, मधोमध थांबून टाच आपटून बघितली. मग विचारलं, नाना नाही आले? मी सांगितलं. ते त्याच माळ्यावर बसले. मी म्हटलं, आबा, दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मागच्या वेळची चूक नानांची नव्हती, माझी होती. त्यांना तीन दिवस हवे होते, मी एकच दिला. आणि शनिवारचा शब्द मोडला, त्याबद्दल माफ करा.

आबांनी शेजारच्या बोर्डावरून तळहात फिरवला. मग म्हणाले, "शब्द कुठे मोडला? माल मंगळवारीच येणार होता."

मला कळेना. त्यांनी सांगितलं, गुरुवारी नानांचा फोन आला होता. म्हणाले, आबा, माल शनिवारी घेऊ नका, मंगळवारी घ्या. आणि शनिवारी सकाळी मॅडमला फोन करून सांगा की सांगाड्याला लावलेला रंग अजून वाळला नाही, बोर्ड मंगळवारी पाठवा. पोरगी हुशार आहे, फक्त घाईची आहे, तिला कळू देऊ नका. आबा म्हणाले, "जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि शनिवारी सकाळपासून मी खोटं बोलायला फोन लावतोय, तर तुमचा फोनच लागेना."

नाना, मी हसले. सगळ्या माळ्यावर ऐकू जाईल एवढ्यानं हसले, आणि मग हसता हसता जे व्हायचं ते झालं. म्हणजे "बरं" म्हणालात तेव्हा तुम्ही थकला नव्हतात. माझं लिहिलेलं पुसायचं नाही हा नियम पाळून, बोर्डांचे तीन दिवस तुम्ही आबांकडून मागून घेतले होते. रंग वाळला नाही म्हणे. वाळवण्यात तुमची बरोबरी करणारा माणूस मी पाहिला नाही आणि सबब शोधलीत तीही वाळण्याचीच. कावळा का लगेच शिवला, ते मला काल तिथे उभ्या उभ्या कळलं. तुमचं काम झालेलं होतं.

आज सकाळी आबांचा फोन होता. मुलं वर बसायला लागली, सगळी जागा भरली आहे. एक मुलगी तर म्हणे मुद्दाम मधोमध बसते, तिथे पाय वाजत नाही म्हणून. धुळ्यातल्या आणखी एका अभ्यासिकेनं माप घ्यायला बोलावलंय. मी सांगितलं, माल मिळेल, पण घाई करायची नाही.

शेडमध्ये गेले. फळ्यावर तुमची शुक्रवारची वजनं तशीच आहेत, ती कुणी पुसणार नाही. कोपऱ्यातलं माझं "१ दिवस" मी माझ्या हातानं पुसलं आणि "३ दिवस" लिहिलं. कामगार मागे उभे होते. त्यांच्यासमोर, मोठ्यानं, एरंडोलला चहावर तुम्ही मागितलं होतंत तसंच, तुमच्याच बोलीत म्हटलं. मारवाड्याच्या पोरीच्या तोंडून अहिराणी ऐकून तुम्ही हसला असतात. हसा. पण ऐका.

नाना, तुमनं बरोबर व्हतं.